बाण थांबवायचा तो हळूहळू

२०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि माझ्या भाचीने धनुष्याचा हट्ट धरला. धायरीला तिच्या घरामागे बारा-तेरा मीटर लांब अंगण आहे, शेवटी काळ्या दगडाची भिंत. त्या भिंतीला मी थर्माकोल टेकवून दिला. तिसरा बाण थर्माकोल फोडून दगडावर आपटला आणि उलटा उडून आमच्यापासून दोन हातांवर पडला. कांडी टोकापासून उभी चिरली होती. त्या संध्याकाळी मी गणित मांडायला बसलो. ते आधीच मांडायला हवं होतं.

बाण २० ग्रॅमचा, वेग सेकंदाला ५० मीटर धरू. ऊर्जा झाली २५ ज्यूल. एक किलो मिठाची पिशवी अडीच मीटरवरून पडावी, तेवढी. पण इथे ती सगळी पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या टोकावर येते. ती किती अंतरात जिरते, यावर पुढचं सगळं ठरतं. दगडावर ५ मिलिमीटरमध्ये जिरली, तर सरासरी बल ५,००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाचा भार. तोच बाण २५ सेंटिमीटर आत शिरत थांबला तर १०० न्यूटन, फक्त दहा किलोचा भार.

हे काम जुन्या कपड्यांनी ठासून भरलेलं पोतं फार छान करतं. चिंध्या कांडीला चारी बाजूंनी आवळतात आणि घर्षणाने वेग खातात. बटणं, चेन, हूक मात्र आधी कापून काढायचे; टोक नेमकं त्यांच्यावरच आपटतं. मुळशी-मावळातला भाताचा पेंढा घट्ट आवळून बांधला तर तोही चालतो, पण पुण्याच्या पावसाळ्यात कुजून आतून पोकळ होतो. बाहेरून ते कळत नाही.

पोत्यापेक्षा मला त्याच्या मागच्या पडद्याची काळजी जास्त. दहा मीटरवर नेम ५ अंशांनी चुकला, तर बाण जवळजवळ ९० सेंटिमीटर बाजूला जातो. पाच मीटरवर त्याच्या निम्मा. म्हणून नवशिक्याने जवळूनच मारावं. पोत्यामागे, भिंतीपासून हातभर पुढे, आम्ही जाड सतरंजी दुहेरी करून टांगली आहे, खालची कड मोकळी सोडून. दोरीवरच्या ओल्या गोधडीला काठी टोचली तर गोधडी मागे सरते, तसंच इथे होतं: बाण कापडाला ढकलत नेतो आणि त्यात त्याचा वेग संपतो. ताणून बांधलेलं कापड सरकत नाही, ते फाटतं.

सगळ्यात घातक चूक वरच्या दिशेची. धनुष्य वर उचलून दोरी ओढायची सवय अनेकांना असते. त्यात बाण निसटला आणि फक्त १० अंश वर गेला, तरी तो ८० मीटरच्या आसपास जाऊन पडतो. पुण्यात ८० मीटरमध्ये दोन गल्ल्या, एखादी शाळा, भाजीवाल्याची गाडी येते. भिंतीपलीकडे वर्दळ असेल आणि मागे उंच, बिनखिडकीची भिंत नसेल, तर घरी बाण मारूच नये, मैदान गाठावं.

भाची आता बाण आडवा ठेवूनच दोरी ओढते. त्याआधी मागच्या दाराला कडी लागते. बाण उपसायला आम्ही धनुष्य खाली ठेवून एकत्र जातो. उपसणाऱ्याच्या मागे कुणी उभं राहत नाही, कारण कांडी झटक्यात सुटली की तिचं मागचं टोक थेट डोळ्यावर येतं.