केळीचं रान तुंबवू नका

उजनीच्या काठाला, करमाळा-माढ्याकडे अजून सर्रास ऐकू येतं: ‘केळी पाण्याचं पीक, रान तुंबू दे.’ हे साफ चूक आहे. केळीला पाणी भरपूर लागतं, पण थोडं थोडं, नेमानं. तिची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात, त्यांना हवाही लागते. काळ्या रानात पाणी साचलं की मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात. मग पाणी कमी पडलं समजून माणूस पुन्हा मोटर चालू करतो! तसं करू नका हो. बुंध्याजवळ वीतभर खोल उकरा, माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटांतून पाणी सुटलं नाही, तर ओल पुरेशी आहे. ठिबक असलं तरी हे बघाच, पावसाळ्यात तर नक्कीच.