घोड्यांना ओढणारा पन्नास मिलिमीटरचा गोळा

टोबार म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे लावलेला, टोकाला गोळा असलेला पोलादी दांडा. तो घ्यायला गेलेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: हा किती टन ओढेल? प्रश्न साहजिक आहे, पण ओढणं हे टोबारच्या वाट्याला येणारं सगळ्यात सोपं काम आहे. हिशोब करून बघा. रिकामा ट्रेलर 900 किलोचा आणि आत प्रत्येकी 550 किलोचे दोन घोडे, म्हणजे एकूण 2,000 किलो. सपाट डांबरी रस्त्यावर टायरांचा रोध 200 ते 300 न्यूटन. ताशी 80 किलोमीटरला हवेचा रोध त्यात आणखी हजारेक न्यूटनची भर घालतो. समोर दहा टक्क्यांचा चढ आला, तर त्याचे सुमारे 1,960 न्यूटन. सगळं मिळून साधारण 3 किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम 300 किलो वजनाइतकं बळ. एवढ्यासाठी तो जाडजूड पोलादी दांडा लागत नाही.

मग तो एवढा जाड का? कारण गाडी आणि ट्रेलर एका चालीनं कधीच चालत नाहीत. गाडीनं ब्रेक लावला की ट्रेलर मागून ढकलतो, गाडी पळाली की तो मागे राहतो, खड्डा आला की दोघं वेगवेगळ्या क्षणी उसळतात. प्रत्येक वेळी मधल्या गोळ्याला गचका बसतो. टोबार निवडताना विचार करायचा तो या गचक्यांचा. आणि घोडा हे असं ओझं आहे, की रस्ता गुळगुळीत असला तरी ते स्वतःहून गचके देत राहतं.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या 55 क्रमांकाच्या नियमानुसार मान्यता मिळालेल्या प्रत्येक टोबारवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर मान्यतेचा क्रमांक असतो आणि दोन आकडे असतात, डी आणि एस. ‘किती टन’ या प्रश्नाचं नेमकं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आधी डी. हा किलोन्यूटनमध्ये असतो आणि तुमच्या जोडीला किती डी लागेल ते असं काढतात:

डी = 9.81 × (गाडीचं वजन × ट्रेलरचं वजन) ÷ (गाडीचं वजन + ट्रेलरचं वजन)

वजनं टनांत घ्यायची आणि दोन्हीकडे कमाल अनुमत भारासकटची, रिकामी नव्हेत. अडीच टनांची गाडी आणि दोन टनांचा ट्रेलर असेल तर 10.9 किलोन्यूटन. पट्टीवरचा डी याहून कमी असेल, तर तो टोबार कितीही दणकट दिसला तरी या जोडीसाठी नाही.

सूत्रात गुणाकार भागिले बेरीज का, हे समजलं की टोबारचं निम्मं शास्त्र हातात आलं. ट्रेलर एखाद्या अचल भिंतीला बांधला आहे असं समजा. गचका बसला की ट्रेलरचं सगळं वस्तुमान सांध्यावर येईल, कारण भिंत तसूभरही हलणार नाही. आता भिंतीच्या जागी गाडी आणा. गाडी थोडी हलते, म्हणजे थोडा गचका स्वतःच्या हालचालीत जिरवते, आणि सांध्यावरचा ताण कमी होतो. दोघांचं वजन सारखं असेल तर सांध्याला फक्त अर्धं वस्तुमान जाणवतं. हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू किती वेगानं कंप पावतात हे काढतानाही भौतिकशास्त्रज्ञ हाच गुणाकार-भागिले-बेरीज वापरतात. एकमेकांना बांधलेल्या दोन वस्तू अणू आहेत की घोड्यांचा ट्रेलर आणि गाडी, याच्याशी गणिताला देणंघेणं नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. ट्रेलर तोच ठेवून गाडी जड केली, तर टोबार जास्त मजबूत लागतो. दोन टनांच्या ट्रेलरपुढे दोन टनांची गाडी असेल तर 9.81 किलोन्यूटन पुरतात. साडेतीन टनांची गाडी आणली की तोच आकडा 12.5 वर जातो. मोठी गाडी घेतली म्हणजे सांधा आपोआप सुरक्षित झाला, हा समज म्हणूनच चुकीचा. जड गाडी त्या भिंतीसारखी वागू लागते.

डी म्हणजे टोबार तुटण्याचं बळही नव्हे. पोलाद एका हिसक्यात तुटणं दुर्मीळ असतं. ते थकून तुटतं. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, मोडला आणि मोठा अपघात झाला. रोजचा भार बिनतक्रार सोसणारा आस एक दिवस त्याच भाराखाली का मोडतो, हे कोडं त्यानंतर युरोपातल्या अभियंत्यांना सोडेना. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं आसांवर पुन्हा पुन्हा भार टाकून, मोजून दाखवलं की भार मोडण्याच्या मर्यादेपेक्षा खूप कमी असला तरी लाखो वेळा आलटून पालटून पडला, तर धातूत बारीक भेग जन्मते आणि वाढत जाते. त्यानं हेही दाखवलं की ताण एका पातळीच्या खाली ठेवला, तर पोलाद जवळजवळ कितीही फेऱ्या सोसतं.

टोबारची चाचणी याच समजुतीवर उभी आहे. यंत्रात बसवून त्याला डीच्या 0.6 पट बळानं पुढे-मागे ढकललं-ओढलं जातं, एकूण 20 लाख वेळा. 10.9 किलोन्यूटनच्या टोबारसाठी हे बळ दोन्ही दिशांना साडेसहा किलोन्यूटन, म्हणजे आपण वर काढलेल्या चढावरच्या ओढीच्या दुपटीहून जास्त. त्यानंतर भेगा शोधतात.

म्हणूनच ओळखीच्या वेल्डरकडून बनवून घेतलेला टोबार मला मान्य नाही, वेल्डर कितीही कसबी असो. वेल्डिंगच्या कडेला उष्णतेनं पोलादाची घडण बदलते आणि भेग तिथूनच सुरू व्हायला बघते. नंतर पाडलेलं भोक, गंजाचा खोल खड्डा, हातोड्यानं सरळ केलेला वाकडा दांडा, हे सगळे थकव्याचे दरवाजे आहेत. अपघातात सापडलेला टोबार बाहेरून शाबूत दिसला तरी बदलायचा. आणि टोबार फक्त बंपरला किंवा पत्र्याला जोडलेला असेल तर पुढचं काहीच बोलायला नको. तो गाडी बनवणाऱ्यानं चासीवर नेमून दिलेल्या जागीच, सांगितलेल्या जाडीच्या बोल्टांनी आणि सांगितलेल्या टॉर्कनं, म्हणजे आवळण्याच्या जोरानं, बसला पाहिजे. पहिल्या काही प्रवासांनंतर टॉर्क पाना लावून बोल्ट पुन्हा तपासावेत.

आता एस. गोळ्यावर उभा, खाली दाबणारा जास्तीत जास्त किती भार चालेल, तो हा आकडा किलोमध्ये सांगतो. लोक डी पाहतात आणि एस विसरतात. घोड्यांच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं.

विटांचा ट्रेलर एकदा भरला की भार ठरलेला. घोडा मात्र उभ्यानं प्रवास करतो, तोल सावरत, पाय बदलत. उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, म्हणजे त्याचं वजन मुळातच पुढे झुकलेलं. ट्रेलरच्या आसापासून गोळा 3 मीटर पुढे आहे असं धरा. 550 किलोचा घोडा 30 सेंटिमीटर पुढे सरकला, तर गोळ्यावरचा भार 550 × 0.3 ÷ 3, म्हणजे 55 किलोंनी वाढतो. दोघंही सरकले तर 110 किलो. ज्या टोबारचा एस 75 किलो आहे, त्याचं यात काय होईल ते दिसतंच आहे. घोड्याला पुढे सरकू न देणारा छातीपुढचा दांडा त्याच्या मापाला लावणं ही घोड्याच्या सोयीइतकीच टोबारच्याही सोयीची गोष्ट आहे.

उलट बाजूही आहे. गोळ्यावर भार फारच कमी असेल, तर ट्रेलर शेपूट हलवू लागतो. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, ज्याच्या खाली हे हेलकावे आपोआप विरतात आणि ज्याच्या वर ते वाढत जातात. वजन मागे गेलं की हा धोक्याचा वेग खाली येतो. हेलकावे सुरू झालेच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग वाढवून ट्रेलर ‘ताणून’ घेण्याचा मोह टाळायचा.

उभा भार किती ठेवायचा, यावर दोन खंडांतला सल्ला जुळत नाही. उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे ठेवतात. दोन टनांच्या ट्रेलरला ते 200 ते 300 किलो होतात, आणि युरोपातल्या पुष्कळ गाड्यांची मर्यादा 75 ते 100 किलोच्या घरात असते. तिथले टोबार, ट्रेलर आणि वेगमर्यादा वेगळ्या हिशोबानं ठरल्या आहेत. तेव्हा एकीकडचा सल्ला दुसरीकडच्या टोबारवर चालवू नये. शिवाय एकटा पट्टीवरचा एस पाहून भागत नाही. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असतो, ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे गोळ्यावर बसून खटक्यानं अडकणाऱ्या भागावर, तिसरा. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा तुमचा.

डीच्या बाबतीतही तसंच. टोबार तीन टनांना पुरेसा असला आणि गाडीला दोनच टनांची परवानगी असली, तर दोनच. गाडीचा हा आकडा मुख्यतः इंजिन, क्लच आणि ब्रेक यांच्या ताकदीबद्दल बोलतो. युरोपीय संघाच्या नियमांत पूर्ण भरलेल्या जोडीनं 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून निघून दाखवायचं असतं. वळणावर घोडा बाजूला झुकला की काय होईल, याबद्दल ही परीक्षा काहीच सांगत नाही. त्यामुळे मर्यादेला टेकलेली जोडी मी घोड्यांसाठी घेणार नाही, थोडी जागा मोकळी ठेवेन.

गोळ्याचा व्यास ही वरवर किरकोळ बाब. युरोपात तो 50 मिलिमीटर असतो. उत्तर अमेरिकेत 47.6, 50.8 आणि 58.7 असे तीन चालतात. 50.8 च्या कपलरमध्ये 47.6 चा गोळा बसतो, खटकाही लागतो, सगळं ठीक दिसतं आणि एका मोठ्या उसळीत कपलर उचकटून बाहेर येऊ शकतो. आकडा गोळ्यावर आणि कपलरवर छापलेला असतो, तो वाचूनच जोडणी करावी. झिजून 49 मिलिमीटरवर आलेला युरोपीय गोळाही बाद समजावा. कपलरमध्ये हेलकावे दाबणारे घर्षणाचे तुकडे असतील, तर गोळ्याला ग्रीस लावायचं नाही, कारण तिथे घर्षणच काम करतं. साध्या कपलरला मात्र ग्रीस हवंच.

स्थिर टोबार, काढता येणारा आणि बंपरखाली दुमडणारा, यांपैकी कुठला घ्यावा? पट्टीवरचे आकडे पुरेसे असतील तर तिन्ही चालतात. रोज घोडे न्यायचे असतील तर मी स्थिर घेईन, कारण न हलणाऱ्या भागाचं कुलूप बिघडत नाही. काढता येणारा घेतलात, तर दर वेळी खटका पूर्ण बसल्याची खूण पाहा आणि किल्ली काढून घ्या. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी पोलादी तार गाडीवर तिच्यासाठी दिलेल्या कडीत अडकवा. ती नुसती गोळ्याच्या मानेभोवती गुंडाळली आणि मानच निखळली, तर तार तिच्याबरोबर सुटून जाईल आणि ब्रेक लागणार नाहीत.

वायरिंगकडेही लक्ष हवं. बऱ्याच नव्या गाड्यांतली स्थैर्य प्रणाली ट्रेलरचे हेलकावे ओळखून गाडीची चाकं निवडून ब्रेक करते. पण ट्रेलर जोडला आहे हे गाडीला कळलं, तरच ती हे करते. स्वस्तात ओढलेली तार दिवे पेटवते, ही खबर मात्र पोचवेलच असं नाही.

घोडा मागच्या फळीवरून आत चढतो तेव्हा सगळा हिशोब उलटतो. 550 किलोचा घोडा आसाच्या 1.2 मीटर मागे उभा असेल, तर तो ट्रेलरचं नाक 220 किलोच्या जोरानं वर उचलतो. गोळ्यावर आधीचे 80 किलो असले, तरी 140 किलोची ओढ वरच्या दिशेनं उरते आणि ती धरून ठेवतो तो फक्त कपलरचा खटका. ट्रेलर गाडीला न जोडता घोडा चढवला, तर ही ओढ धरायला काहीच नसतं. म्हणून ट्रेलर आधी जोडायचा, ट्रेलरचं नाक वर उचलून पाहून कपलर सुटत नाही याची खात्री करायची, मग घोडे चढवायचे. उतरवताना शेवटचा घोडा जमिनीवर आला, की मगच खटका काढायचा.