४५ अंशांतही रूळ सरळ कसा राहतो?

मे महिन्यात दुपारी दोनला पाचोरा स्टेशनावर उभं राहिलं, की रुळांवरची हवा थरथरताना दिसते. पारा ४५ला टेकलेला असतो आणि रूळ त्याहूनही पंधरा-वीस अंशांनी तापलेला. हिवाळ्यात पहाटे तोच रूळ १० अंशांपर्यंत गारठतो. एवढ्या फरकाने एक किलोमीटर पोलाद जवळजवळ दोन फूट लांब होऊ पाहतं.

लहानपणी भुसावळला जाताना गाडीचा खट-खट, खट-खट ताल ऐकत झोप लागायची. रूळ १३ मीटरचे असायचे आणि वाढायला जागा म्हणून दोहोंत थोडी फट ठेवलेली असायची. तो आवाज त्या फटींचाच. आता सांध्यात वितळलेलं पोलाद ओतून रूळ सलग जोडतात. मग वाढलेली लांबी जाते कुठे?

ती वाढूच देत नाहीत. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे लगेच पटेल. गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली धाव चाकावर बसते. पाणी ओतलं की ती आकसायला बघते, पण आतलं लाकूड तिला आकसू देत नाही. ती ओढ धावेतच राहते. सलग रुळाचंही तसंच, फक्त उन्हाळ्यात ओढीच्या जागी दाब येतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला दोन टनांच्या आसपास! ज्या तापमानाला रूळ आवळला, त्याच्या २० अंश वर गेलं की एकेका रुळात जवळजवळ ४० टन.

हा दाब पेलतात सिमेंटचे स्लीपर, त्यांना रूळ जखडणाऱ्या क्लिपा आणि खडी. मला सगळ्यांत मोठेपण खडीचं वाटतं. गिरणेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे इथे चालणार नाहीत, घरंगळतील. फोडलेल्या काळ्या दगडाच्या धारदार कडा एकमेकींत अडकतात आणि स्लीपरला आडवं सरकू देत नाहीत. स्लीपरच्या टोकांबाहेर रचलेली खडी तर भिंतीसारखी टेकू देते. म्हणून रुळाकडेची खडी कुणी घरच्या कामाला उचलून नेताना दिसलं, की जीव कासावीस होतो. तेवढी पाटीभर जागा कमजोर झाली, की रूळ भर उन्हात सापासारखा वाकू शकतो.

खडी उकरून पुन्हा ठोकली की तिची पकड काही दिवस सैल असते. तोवर तिथे गाडी हळू चालवतात, आणि रूळ फार तापलेला असताना हे काम काढतच नाहीत. दुपारी रुळाच्या कडेने पाना-हातोडा घेऊन चालणारी माणसं हेच पाहत असतात, रूळ कुठे तसूभर तरी बाजूला सरकलाय का. डिसेंबरात काळजी उलटी होते. आवळलेल्यापेक्षा फार थंड झालेला रूळ ताणला जातो, वेल्डपाशी तडकू शकतो. मग तीच माणसं पहाटे तीनला बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा बघत निघतात.