हार्त्सच्या डोंगराखाली: गुहा, खाणी आणि सगळीकडे पाणी

जर्मनीच्या साधारण मधोमध, हॅनोवरच्या आग्नेयेला हार्त्स नावाचा डोंगराळ भाग आहे. उंची फार नाही, सगळ्यात उंच शिखर ब्रोकेन, तेही 1141 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने कमीच. छोटी गावं, लाकडी घरं, जंगलातल्या पायवाटा. लोक जातात, वाफेच्या इंजिनाच्या गाडीने ब्रोकेनवर चढतात, फोटो काढतात आणि परत येतात, आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण हार्त्सचा खरा खजिना जमिनीखाली आहे आणि तो बघायचा राहूनच जातो.

खाली दोन प्रकारच्या जागा आहेत. एक म्हणजे नैसर्गिक गुहा आणि दुसऱ्या हजार वर्षं खणलेल्या खाणी. पुस्तकांत या दोन्हींची प्रकरणं वेगळी असतात पण हार्त्समध्ये त्या एकमेकींत इतक्या गुंतल्यात की वेगळ्या करून बघण्यात मजाच नाही, आणि दोन्हीकडे मुख्य पात्र एकच, पाणी.

बाड ग्रुंड गावाजवळचा इबर्ग डोंगर घ्या. साधारण 38 कोटी वर्षांपूर्वी हे समुद्रातलं प्रवाळबेट होतं, तेही विषुववृत्ताच्या दक्षिणेला. प्रवाळांची झाली चुनखडी, भूखंड सरकत सरकत उत्तरेला आला, नंतर त्या चुनखडीच्या भेगांमध्ये सिडेराइट नावाचं लोहखनिज साठलं. पुढे या सिडेराइटला हवा आणि पाणी लागलं, ते गंजून तपकिरी झालं, आणि हे होताना त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटला, तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार झालं आणि त्या आम्लाने शेजारची चुनखडी हळूहळू खाल्ली. म्हणजे नेहमीच्या गुहेत जे काम पावसाचं पाणी वरून हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येऊन करतं, ते इथे आतल्या आतच झालं. मग आले खाणकामगार. त्यांना ते तपकिरी लोखंड पाहिजे होतं, ते खणत गेले आणि थेट गुहांमध्ये पोचले. लोखंडानेच गुहा केली आणि लोखंडासाठी गेलेल्या माणसांनाच ती सापडली. मला तर अख्ख्या हार्त्समधली ही सगळ्यात सुंदर केमिस्ट्री वाटते.

दक्षिणेकडे शार्त्सफेल्ड गावाजवळ डोलोमाइट खडकातली एक गुहा आहे, तिचं नाव युनिकॉर्नची गुहा. सोळाव्या शतकापासून लोक इथली हाडं उकरून औषध म्हणून विकायचे, युनिकॉर्नचं शिंग म्हणून. 1680च्या दशकात इथे जर्मन गणिती लायबनिझ येऊन गेला, होय तोच, कॅल्क्युलसवाला. त्यानेसुद्धा युनिकॉर्नची गोष्ट खरी धरली होती. आज आपल्याला माहीत आहे की यातली बहुतेक हाडं गुहेतल्या अस्वलांची आहेत, ही जात हिमयुगात नामशेष झाली, पण त्याआधी पिढ्यानपिढ्या ती इथे हिवाळी झोपेसाठी यायची आणि त्यातली काही झोपेतच मरायची, म्हणून एवढा ढीग.

आणि याच गुहेच्या जुन्या तोंडाशी 2019 मध्ये उत्खननात एक छोटंसं हाड सापडलं, जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचं. महाकाय हरणाच्या पायाच्या बोटाचं हाड, त्यावर तिरप्या रेषा कोरलेल्या, एकात एक बसणाऱ्या बाणाच्या टोकांसारखी नक्षी. वय किमान 51,000 वर्षं. त्या काळात इथे आपल्यासारखी माणसं राहत असल्याचा पुरावा नाही, निअँडरथल, म्हणजे माणसाची आता नामशेष झालेली एक जात, होते. मायक्रोस्कोपखाली बघून आणि आजच्या हाडांवर प्रयोग करून संशोधकांनी 2021 मध्ये मांडलं की हाड आधी उकळून मऊ केलं असावं आणि मग कोरलं असावं. त्या हाडाचा हत्यार म्हणून काही उपयोग दिसत नाही. म्हणजे कुणीतरी वेळ काढून, मेहनत घेऊन, पोटापाण्याशी संबंध नसलेली एक गोष्ट केली. निअँडरथल म्हणजे मठ्ठ रानटी माणूस असं चित्र ज्यांच्या डोक्यात अजून आहे त्यांनी हे हाड बघायलाच पाहिजे.

आता जिप्समकडे, म्हणजे ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात त्या मऊ खनिजाकडे. हार्त्सच्या दक्षिण काठाला साधारण साडेपंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा एक उथळ समुद्र आटला आणि जिप्समचे जाड थर मागे राहिले. चुनखडीला विरघळवायला आम्ल लागतं, जिप्समला नुसतं पाणी पुरतं, एका लिटरमध्ये दोन-अडीच ग्रॅम सहज जातं. म्हणून इथल्या गुहा भराभर तयार होतात आणि भराभर कोसळतातही, वर शेतात मध्येच खड्डा पडतो तो यामुळेच. ओस्टेरोडेजवळची लिश्टेनश्टाइन गुहा अशीच जिप्सममधली. आत इतक्या अरुंद फटी की सरपटतच जावं लागतं, आणि तिथे कांस्ययुगातल्या, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या, चाळीसपेक्षा जास्त माणसांची हाडं मिळाली. गार, स्थिर तापमान आणि हाडांवर चढलेला जिप्समचा थर यामुळे डीएनए जबरदस्त टिकला होता. गोटिंगेन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तो तपासला तर त्यातले बरेचजण एकमेकांचे नातेवाईक निघाले, कित्येक पिढ्यांचं कुटुंब. मग आसपासच्या आजच्या गावकऱ्यांच्या लाळेचे नमुने घेतले आणि काही पुरुषांच्या वाय क्रोमोसोमचा (हा बापाकडून मुलाकडे जातो) पॅटर्न गुहेतल्या पुरुषांशी जुळला. पॅटर्न जुळला म्हणजे थेट वंशज हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, योगायोगही असू शकतो, पण शक्यता दांडगी आहे. ही गुहा लोकांसाठी बंद आहे आणि ते चांगलंच आहे, इबर्गच्या म्युझियममध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती केली आहे.

या जिप्समवरून सध्या तिथे वादही चालू आहे. घरांच्या भिंतींना लागणारे जिप्समबोर्ड आठवा. जर्मनीत बरंच जिप्सम कोळशाच्या वीज केंद्रांतून मिळायचं, धुरातलं सल्फर काढताना ते आपोआप तयार होतं. आता कोळसा बंद करायचा ठरलाय, उशिरात उशिरा 2038 पर्यंत, मग जिप्सम आणायचं कुठून तर दक्षिण हार्त्समधून खणून. हवामानासाठी घेतलेल्या चांगल्या निर्णयाचा भार एका दुर्मीळ भूप्रदेशावर पडतोय. मला स्वतःला वाटतं की पाडलेल्या इमारतींतलं जिप्सम परत वापरायला आधी जोर लावावा, कारण अशी गुहा एकदा खाणीत गेली की तिच्यातलं सगळं गेलंच.

हार्त्समधल्याच रूबेलांड गावच्या गुहांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. तिथली बाउमान गुहा सतराव्या शतकापासून गाइडसह दाखवली जाते आणि 1668 मध्येच तिथल्या ड्यूकने ती जपण्यासाठी फर्मान काढलं होतं. जर्मन कवी गटे तीनदा येऊन गेला. शेजारच्या हर्मान गुहेत ओल्म नावाचे फिकट गुलाबी, आंधळे उभयचर आहेत, हे मूळचे तिथले नव्हेत, 1932 मध्ये आजच्या स्लोव्हेनियातल्या गुहांमधून आणून सोडलेले.

खाणींची गोष्ट मात्र थोडक्यात होणारी नाही. गोस्लार गावाला लागून राम्मेल्सबर्ग आहे, तिथल्या खाणकामाचा पहिला लेखी उल्लेख 968 सालचा आणि खाण बंद झाली 1988 मध्ये. हजार वर्षं! तांबं, शिसं, जस्त, चांदी, थोडं सोनंसुद्धा. हे सगळं आलं कुठून तर साधारण 39 कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी भेगांमधून गरम, खारट, धातूंनी भरलेलं पाणी वर येत होतं, थंड समुद्रात आल्यावर धातू गंधकाबरोबर बारीक चिखलासारखे खाली बसले. पुढे डोंगर घडताना हे थर वाकले आणि चक्क उलटे झाले. सुरुंगाची दारू वापरात येण्याआधी आणि नंतरही बराच काळ इथे कठीण खडक फोडायची पद्धत म्हणजे त्याच्यापाशी लाकडं रचून आग लावायची, खडक तापून तडकायचा, मग पहारीने सुटा करायचा. याला आणि धातू गाळायला इतकं लाकूड लागलं की मूळची मिश्र जंगलं संपत गेली आणि त्यांच्या जागी भराभर वाढणारे स्प्रूस (सूचिपर्णी झाडं) लावले. 2018 नंतरच्या दुष्काळात आणि किड्यांच्या हल्ल्यात तेच स्प्रूस मोठ्या प्रमाणावर वाळले, आज हार्त्सच्या उतारांवर जी करडी झाडं उभी दिसतात त्यांचं मूळ खाणींपर्यंत जातं.

राम्मेल्सबर्गमध्ये बाराव्या शतकातला एक निचऱ्याचा बोगदा आहे. त्याच्या भिंती निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या झाल्यात. रंग कुणी लावलेला नाही, खडकातल्या सल्फाइडला हवा-पाणी लागलं की त्याचं सल्फेट होतं, तांब्याचं झालं तर मोरचूद, निळा, आणि लोखंडाचं झालं तर हिराकस, हिरवा. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत पाहिलेले हे क्षार तिथे अख्ख्या भिंतीवर वाढताना दिसतात.

खाण जितकी खोल तितकं पाणी जास्त भरणार, आणि हे पाणी काढायला ताकद कुठून आणायची? वाफेचं इंजिन यायचं होतं. लायबनिझने पवनचक्क्या लावायचा प्रयत्न केला, कित्येक वर्षं खटपट केली, 1685 मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. उपाय होता पाण्यानेच पाणी काढायचा. डोंगरमाथ्यावरचा पाऊस तळ्यांत साठवायचा, उतार अगदी मोजून ठेवलेल्या पाटांनी तो खाणीपर्यंत आणायचा, जमिनीखालच्या मोठमोठ्या पाणचक्क्यांवर सोडायचा, चक्क्या पंप चालवणार आणि पंप आणखी खालचं पाणी वर खेचणार. मग दोन्ही पाणी मिळून डोंगराच्या पायथ्याशी निघणाऱ्या बोगद्यातून बाहेर. सुरुवात वाल्केनरीड मठाच्या साधूंनी केली आणि शतकानुशतकं वाढत वाढत तळी शंभरावर आणि पाट साधारण 500 किलोमीटर एवढं जाळं झालं. ओडरटाइश हा 1722 मध्ये पुरा झालेला बांध तर दीडशेहून जास्त वर्षं जर्मनीतला सगळ्यात मोठा होता. राम्मेल्सबर्ग आणि गोस्लार 1992 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि हे पाण्याचं जाळं 2010 मध्ये त्यात जोडलं गेलं.

यात एक छान हिशोब आहे. निचऱ्याचा बोगदा जितका खालून काढाल तितकं पाणी जास्त उंचीवरून पाडता येतं, म्हणजे त्याच पावसातून जास्त ताकद मिळते, शिवाय पंपांना पाणी तेवढं कमी उंच उचलावं लागतं. दुहेरी फायदा. म्हणून तर 1851 ते 1864 अशी 13 वर्षं खपून, अनेक ठिकाणांहून एकाच वेळी खणत, फाटे धरून 30 किलोमीटरहून लांब असा एर्न्स्ट आउगुस्ट बोगदा काढला.

सांक्ट आंद्रेआसबर्ग गावची सॅमसन खाण 800 मीटरच्या वर खोल. कामगारांनी शिडीने उतरायचं, दिवसभर राबायचं आणि परत शिडीनेच चढायचं, चढायलाच तास-दोन तास, फुफ्फुसं आणि हृदय पार खराब व्हायची. 1833 मध्ये क्लाउस्थालच्या भागात एक युक्ती निघाली. पंपाला जोडलेले दोन लांब दांडे आळीपाळीने वर-खाली होतच असतात, त्यांना पायऱ्या आणि मुठी बसवायच्या. तुम्ही एका दांड्यावर उभे राहायचं, तो वर गेला की थांबायच्या क्षणी शेजारच्या दांड्यावर पाय टाकायचा, मग तो वर नेणार, असं करत करत पृष्ठभागावर. चालत्या खाणीत पाय चुकला तर खेळ खलास, पण तरीही शिड्यांपेक्षा लाख पटीने बरं. सॅमसनमध्ये हे यंत्र 1837 मध्ये बसवलं आणि ते आजही चालू स्थितीत आहे. खाण 1910 मध्ये बंद झाली तरी तिच्या शाफ्टमध्ये, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यात, 130 आणि 190 मीटर खोलीवर नंतर जलविद्युत जनित्रं बसवली, त्यांच्यापासून वीज अजून मिळते.

क्लाउस्थालमध्येच आल्बर्ट नावाचा खाण अधिकारी होता. तागाचे दोर ओल्यात कुजायचे आणि लोखंडी साखळ्या काही इशारा न देता तुटायच्या. त्याने साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार टाकून बघितला आणि लक्षात आलं की एकदाच टाकलेला मोठा भार साखळी सहन करते पण त्याहून कमी भार हजारो वेळा आला की ती थकून तुटते. मेटल फटीगचा हा पहिला नोंदवलेला अभ्यास मानतात. मग 1834 मध्ये त्याने लोखंडी तारा पिळून दोर केला. एक तार तुटली तरी बाकीच्या भार घेतात आणि तुटलेली तार दिसते, म्हणजे वेळेवर बदलता येतो. आज मुंबईतल्या बिल्डिंगची लिफ्ट असो की रायगडाचा रोपवे, तारेचा दोर त्याच तत्त्वावर आहे.

सगळाच इतिहास अभिमानाचा नाही. नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन टेकडीतल्या बोगद्यांमध्ये नाझींनी 1943 पासून छळछावणीतल्या कैद्यांकडून व्ही-2 रॉकेट बनवून घेतली. मिटेलबाउ-डोरा छावणीत साधारण 60,000 माणसं आणली, त्यातली सुमारे 20,000 मेली. सुरुवातीला कैदी त्याच बोगद्यांत झोपायचे, धुळीत, स्फोटांच्या आवाजात, आणि कित्येकांना आठवडेच्या आठवडे उजेड दिसत नसे. तिथे आता स्मारक आहे. हार्त्सला गेलात तर तिथेही जा, वेळ नाही म्हणून टाळू नका.

खाणी बंद झाल्या म्हणून धातू काही जागच्या जागी थांबले नाहीत. नद्यांच्या गाळात आणि धातू गाळून उरलेल्या मळीच्या जुन्या ढिगाऱ्यांत शिसं, जस्त, कॅडमियम अजून आहे. अशा मातीत बाकी झाडं जगत नाहीत पण मोहरीच्या कुळातलं एक छोटं पांढऱ्या फुलांचं रोप, अरॅबिडॉप्सिस हालेरी, ते मजेत वाढतं आणि जस्त, कॅडमियम आपल्या पानांत साठवून ठेवतं. वनस्पती धातू कसे सहन करतात हे समजून घ्यायला जगभरचे वैज्ञानिक या रोपावर काम करतात.

जायचं असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: उघडं दिसणाऱ्या जुन्या बोगद्यात परस्पर शिरू नका. छत कधीही येऊ शकतं, पाण्याखाली उभा शाफ्ट लपलेला असू शकतो आणि काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड खाली साठून ऑक्सिजन कमी झालेला असतो, त्याला वास नसतो, कळेपर्यंत माणूस कोसळतो. शिवाय वटवाघळं. हिवाळ्यात ती गुहांत आणि बोगद्यांत झोपतात, उठवलं तर साठवलेली चरबी वाया जाते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. म्हणून जर्मन कायद्याने 1 ऑक्टोबर ते 31 मार्च त्यांच्या अशा जागांमध्ये शिरायला बंदी आहे, तोंडावरच्या आडव्या गजांच्या जाळ्या त्यांच्याचसाठी, वटवाघूळ जाईल पण माणूस जाणार नाही एवढ्या फटींच्या. पर्यटकांसाठीच्या गुहा आणि खाणींना अर्थातच अडचण नाही. आत वर्षभर आठ-दहा डिग्री असतात तेव्हा उन्हाळ्यातही जॅकेट आणि चांगले बूट हवेतच. आणि एकाच दिवसात सगळं कोंबू नका, राम्मेल्सबर्गला अख्खा दिवस द्या, सॅमसन आणि युनिकॉर्नची गुहा दुसऱ्या दिवशी होतात, वेळा मात्र आधी वेबसाइटवर बघून घ्या कारण बऱ्याच जागा फक्त ठरलेल्या वेळच्या गाइडबरोबरच बघता येतात.