जामठ्याच्या गेटवर कॅमेरा का अडतो : पार्श्वभूमी

नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना लागला की हिंगणघाट, आर्वी, उमरेड या बाजूने एखादा तरी तालुका प्रतिनिधी कॅमेरा घेऊन येतोच. पत्रकारांच्या गेटवर तो पेपरचे ओळखपत्र काढतो, असेल तर शासनाचे अधिस्वीकृती पत्रही काढतो. गेटवरचा मुलगा कार्ड उलटून पाहतो आणि परत देतो. मीही एकदा असाच परत आलो आहे. लेन्स दुसऱ्याकडून मागून आणली होती. त्या दिवशी तिचे झाकणही निघाले नाही.

सगळा घोळ ‘अधिस्वीकृती’ या शब्दात आहे. शासनाची अधिस्वीकृती म्हणजे तुम्ही पत्रकार आहात याची नोंद. तिच्यावर एसटीची सवलत मिळते, शासकीय कार्यक्रमांत प्रवेश मिळतो. सामन्याची अधिस्वीकृती आयोजक देतो. तो त्या मालिकेपुरता, अटींसकट केलेला खासगी करार असतो. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे गावाकडच्या माणसाला वाटते, आपला हक्क नाकारला. खरे तर त्याच्याशी करारच झालेला नसतो.

डोळ्यांसमोर चाललेल्या खेळावर मालकी सांगणारे कलम आपल्या कॉपीराइट कायद्यात नाही. प्रक्षेपणाला संरक्षण आहे, पण मैदानात घडलेल्या घटनेला नाही. इंग्लंडमध्ये हा मुद्दा १९१६-१७ मध्येच एका कुत्र्यांच्या प्रदर्शनावरून निकाली निघाला. एकाने तिथल्या फोटोंचे एकमेव हक्क विकत घेतले होते आणि फोटो छापले दुसऱ्यानेच. न्यायालयाने सांगितले, असा वेगळा मालकी हक्क नसतो. रोखायचे असेल तर प्रवेशाच्या अटीत तसे लिहा. ऑस्ट्रेलियातल्या १९३७ च्या खटल्यात तर शर्यतीच्या मैदानाशेजारच्या जागेत बांधलेल्या मचाणावरून रेडिओवर शर्यत सांगणाऱ्यालाही न्यायालयाने अडवले नाही. शंकरपटाच्या दिवशी कडुनिंबावर चढून बैल पाहणाऱ्या आपल्या पोरांना हे वेगळे समजावून द्यायला नको. आयोजकाच्या हातात उरते ते गेट, आणि गेटवरचा कागद.

आपल्याकडे या कागदाची खरी ताकद दिसली २००८ मध्ये, शहरांच्या संघांची ट्वेंटी-ट्वेंटी लीग सुरू झाली तेव्हा. काढलेले फोटो आयोजकांना फुकट वापरू द्या, केवळ क्रिकेटसाठी चालणाऱ्या संकेतस्थळांना देऊ नका, अशा अटी पुढे आल्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांनी बहिष्कार टाकला. पुढे काही अटी सैल झाल्या, पण मूळ वाद मिटला नाही.

तो पुन्हा पेटला २०१२ मध्ये. त्या वर्षीच्या घटनाक्रमाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते. २१ जून २०१२ रोजी सुधारित कॉपीराइट कायदा लागू झाला. तोपर्यंत छायाचित्राला प्रसिद्धीपासून ६० वर्षांचे संरक्षण होते. आता छायाचित्रकाराची हयात आणि त्यानंतर ६० वर्षे, म्हणजे लेखकाला मिळते तेवढेच, झाले. कागदावर हक्क असा वाढला, आणि नोव्हेंबरात इंग्लंडचा संघ कसोटी खेळायला आला, तेव्हा भारतीय क्रिकेटच्या नियामक संस्थेने (बीसीसीआयने) छायाचित्रे पुरवणाऱ्या संस्थांना अधिस्वीकृतीच नाकारली. कारण असे दिले, की या वृत्तसंस्था नाहीत, फोटो विकणारे व्यापारी आहेत. याच्या निषेधार्थ तीन मोठ्या जागतिक वृत्तसंस्थांनी, ज्यांना आत येण्याची मुभा होती त्यांनीही, फोटो पाठवणे थांबवले. नियामक संस्था स्वतःच्या छायाचित्रकाराचे फोटो वाटू लागली. एका ब्रिटिश वाहिनीकडे मैदानातल्या सोयींसाठी मोठी रक्कम मागितली गेली, तेव्हा तिने समालोचन लंडनमधूनच केले.

त्या मालिकेची शेवटची कसोटी १३ ते १७ डिसेंबरला जामठ्यात झाली. भारताचा कर्णधार ९९ वर धावबाद झाला. सामना अनिर्णित राहिला, इंग्लंडने २८ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. विदर्भाच्या मैदानावर असा क्षण रोज येत नाही, आणि त्या तीन संस्थांचा एकही कॅमेरा तेव्हा आत नव्हता.

आयोजकांची बाजू अगदीच पोकळ नाही. खेळाडूचा फोटो बातमीला देणे आणि तोच साबणाच्या जाहिरातीला विकणे यात फरक आहे, आणि तो राखायलाच हवा. पण हा फरक फोटोच्या वापरावरून ठरतो. काढणारा विकतो की नाही, यावरून ठरवला तर पहिला बाहेर पडतो तो स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेला, फोटोमागे पैसे घेणारा माणूस. दैनिकाच्या पगारी छायाचित्रकाराला २०१२ मध्येही बंदी नव्हती. तालुक्याच्या माणसाला मात्र पगार नाही. एक फोटो जिल्ह्याच्या पेपरला, एक कुठल्या एजन्सीला, असे विकूनच त्याचे पेट्रोल निघते. बोंडअळीने खाल्लेल्या कपाशीचे, जिनिंगपुढच्या गाड्यांच्या रांगांचे फोटो असेच बाहेर जातात, आणि तेव्हा त्याला कुणी व्यापारी म्हणत नाही.

कायदा त्याच्या बाजूने बराच आहे, फक्त तो त्याला माहीत नसतो. १९५७ च्या कायद्यानुसार पगारी छायाचित्रकाराच्या फोटोचा हक्क पेपरच्या मालकाकडे जातो, तोही छापण्यापुरता. स्वतःहून काढलेल्या फोटोचा पहिला मालक स्ट्रिंगरच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच पासच्या फॉर्मवरची बारीक अक्षरे महत्त्वाची. तिथे केलेली सही हेच ते लेखी ठरू शकते.

आता फोटो अडवण्याचा हा विचार गावात पोहोचला आहे. गेल्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी रात्रीची कबड्डी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात मॅट, चार हॅलोजन, बक्षिसासाठी बाहेरगावचे भाड्याने आणलेले खेळाडू. दोन चढाया टिपल्या असतील, तोच मंडळाचा पोरगा आला. “भाऊ, फोटो काढू नका बरं. लाइव्ह देऊन टाकलं आपण.” दिले होते यूट्यूबवर दाखवणाऱ्या एका मुलाला, साउंड सिस्टिमच्या भाड्याच्या बदल्यात. मी विचारले, कागद आहे का? तो मंडपाकडे पाहत राहिला. जामठ्याला निदान फॉर्म असतो. तिथे तोही नव्हता, तरी मी कॅमेरा बॅगेत ठेवला.