धण्यांचा वास आणि खिडकीतली बाटली

एप्रिल-मेमध्ये बेळगावच्या शहापूर-वडगावात वर्षाची चटणी करायला घेतली की गल्लीभर धणे भाजल्याचा वास सुटतो. मराठी घरात धणे, शेजारच्या कन्नड घरात कोत्तंबरी बीज. धण्यांच्या तेलात साधारण ६० ते ७० टक्के लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं. लॅव्हेंडरचा सुगंधही बराचसा त्याचाच, म्हणून क्रीम, साबण, शाम्पूच्या वेष्टनांवर हे नाव सारखं दिसतं.

आमच्या शेजारच्या काकूंच्या मानेवर पुरळ उठलं. आधी वांग्यावर आळ आला, मग दृष्ट काढून झाली. खिडकीत दोन वर्षं उन्हात पडलेल्या ‘केमिकल-फ्री’ सुगंधी तेलाच्या बाटलीवर कुणाचा संशय गेला नाही, कारण ते झाडाचं होतं. झाडाचं म्हणजे निर्धोक, ही समजूत मला फार खटकते. झाडातलं लिनालूलही रसायनच आहे.

ताजं लिनालूल त्वचेला फारसं छळत नाही. बिघडवते ती हवा. लिनालूलच्या रेणूत कार्बनचे दोन दुहेरी बंध असतात. त्यांच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो निसटला की मोकळ्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो. असा रेणू शेजारच्या लिनालूलचा हायड्रोजन ओढून घेतो, मग तो शेजारी ऑक्सिजन पकडतो, आणि साखळी चालू राहते. तयार होतात हायड्रोपेरॉक्साइड. त्यांच्यातला ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध कच्चा असतो, सहज तुटतो आणि तुटलेले तुकडे त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात. एकटा रेणू इतका लहान की प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही. प्रथिनाला चिकटला की ते प्रथिनच परकं दिसू लागतं.

इथे त्वचेतल्या पहारेकरी, म्हणजे लँगरहान्स पेशी पुढे येतात. पॉल लँगरहान्स यांनी १८६८ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांचं वर्णन केलं. या पेशी परकं प्रथिन उचलून लसिका गाठीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पेशींना, ओळख पटवून देतात. पहिल्या खेपेला बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या खेपेला पुरळ उठतं, तेही एक ते तीन दिवसांनी. मधल्या दिवसांत माणूस दहा पदार्थ खातो, पाच ठिकाणी जातो. वांगं आणि दृष्ट फुकट बदनाम होतात ती या उशिरामुळे.

युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात लिनालूल ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर त्याचं नाव वेष्टनावर छापावं लागतं. तुमच्या बाटलीवर ते असेल तर घाबरू नका. लहान बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, उन्हापासून लांब ठेवा. वास बदललेली बाटली टाकून द्या.

पुरळ पुन्हा पुन्हा येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित पदार्थ पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात, आणि पट्टी काढल्यावरही काही दिवसांनी ती जागा पुन्हा तपासतात. लिनालूलची चाचणी करताना मुद्दाम हवेत बिघडलेलं लिनालूल वापरतात. ताज्यावर ॲलर्जी बहुधा हुकते.