सरकारी प्रयोगशाळेचं तंत्रज्ञान घेताय? नातं आधी लिहून द्या

नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) असो की कापूस संशोधन संस्था, नागपुरातल्या सरकारी प्रयोगशाळेचं तंत्रज्ञान परवान्यावर घ्यायला हिंगणा-बुटीबोरीचे लहान कारखानदार येतात, तेव्हा पहिला प्रश्न फीचा असतो. फाइल मात्र अडते हितसंबंधांच्या घोषणेवर, म्हणजे संस्थेत आपलं कुणी नात्यातलं आहे का, हे लिहून देण्यावर.

अर्ज प्रोप्रायटर, भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी), कंपनी कुणीही करू शकतं. पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, ताळेबंद, भागीदारीपत्र किंवा कंपनीची कागदपत्रं, उत्पादन कुठे आणि कसं करणार याचा आराखडा, एवढं साधारण लागतंच. बाकी त्या-त्या संस्थेच्या जाहिरातीत बघा.

आता मुख्य भानगड. केंद्रीय नागरी सेवा वर्तन नियम, 1964 मधला नियम 4 सांगतो की कुटुंबातलं कुणी एखाद्या फर्ममध्ये नोकरीला असेल किंवा त्या व्यवहारात कुणाचा हितसंबंध असेल, तर कर्मचाऱ्यानं ते प्रकरण स्वतः हाताळायचं नाही, वरिष्ठांकडे पाठवायचं. नियमातलं ‘कुटुंब’ म्हणजे पती-पत्नी, आणि पूर्ण अवलंबून असलेली मुलं व नातेवाईक. म्हणजे कमावता भाचा त्यात बसत नाही. तरी माझं मत विचाराल तर भाचाही लिहा. मामा त्या तंत्रज्ञानाचा संशोधक आणि भाचा परवानाधारक, हे उद्या माहितीच्या अधिकारात बाहेर आलं तर ‘नियमात नव्हतं’ हे कुणी ऐकून घेत नाही.

माझ्याकडच्या एका अर्जात या घोषणेच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. भागीदाराची बायको त्याच संस्थेत, वेगळ्या विभागात. लपवायचं काहीच नव्हतं भाऊ, फक्त लिहिलं नव्हतं. फाइल परत आली, वर दोन महिने गेले. दुसऱ्यांदा आम्ही तिचं नाव, पद, विभाग आणि ‘या तंत्रज्ञानाच्या संशोधनात वा निवडीत सहभाग नाही’ असं साध्या मराठीत लिहून दिलं. तिनंही आपल्या कार्यालयात वेगळं पत्र दिलं. काम झालं.

संशोधकच कंपनीत भागधारक असेल तर? सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, नीरी तिचीच) शास्त्रज्ञांना 2009 पासून अशी मुभा आहे, पण संस्थेची परवानगी आधी हवी. ती अर्जाला जोडा. दर ठरवणाऱ्या बैठकीत तो बसला नव्हता, हे इतिवृत्तात दिसलं पाहिजे.

पेटंटचा परवाना तोंडी चालत नाही. करार लेखी, आणि पेटंट कार्यालयात नोंद नमुना 16 वर. स्टॅम्प पेपर घ्यायच्या आधी घोषणापत्र मंजूर झालंय ना, ते विचारून घ्या. 100 चा जमाना गेला, आता 500 पासून सुरुवात आहे.